नऊ नंबरचा फॉर्म

(नगरजवळचं केडगाव. गोजरबाईच्या घराचा ओटा. रमजानचे दिवस, ऊन उतरायला लागलेलं. सहादेवच्या हातात एका फॉर्मची फोटो-नक्कल.)

सहादेव : शपथा नकोत, गनीभाई. हे अक्षर कुणाचं, एवढंच सांगा.

गनीभाई : चष्मा नाही रे माझ्याजवळ. नियाज दुकानात येऊन म्हणाला, सहादेव मुंबईहून आलाय, तोंड उतरलंय त्याचं. मी हातातली कात्री टाकली अन् सायकलीवर टांग मारली. कापड बाजारातून केडगाव, उपाशीपोटी. या वयात.

गोजरबाई : चष्मा तुमच्या कपाळावर हाय, गनीभाई.

गनीभाई : हां. आहे खरा. रोज्यात असं होतं बघा, दुपार कलली की डोकं चालत नाही.

सहादेव : मग घाला डोळ्यांवर अन् वाचा. मोठ्यानं वाचा, आईलाही कळू दे.

गनीभाई : "फुटबॉल खेळाडूचा नोंदणी अर्ज. मोसम एकोणीसशे बाहत्तर. खेळाडूचं नाव, सहादेव बन्सी सातपुते. क्लबाचं नाव, युनियन क्लब, अहमदनगर. खेळण्याची जागा..."

सहादेव : का थांबलात?

गनीभाई : "सेंटर फॉरवर्ड. नऊ नंबर."

सहादेव : तारीख?

गनीभाई : चार जून.

सहादेव : चार जूनला मी कुठं होतो, आई?

गोजरबाई : मुंबईला व्हतास की. जानेवारीतच गेल्तास. संक्रांतीचं तीळगूळ मी टपालानं धाडलं, त्याचा निस्ता भुगा पोचला म्हनून लिव्हलं व्हतंस.

सहादेव : ऐकलंत? एका मोसमात एकाच क्लबाचा फॉर्म भरायचा. दोन भरले की वर्षभर बाहेर. हा नियम मी तुम्हाला सांगायला नको, तुम्हीच मला शिकवलाय. मी गिरणीचा फॉर्म भरला मे महिन्यात. अन् जूनमध्ये माझ्याच नावाचा हा दुसरा फॉर्म इथून गेला. आम्ही ज्यांना हरवलं त्यांनी तो शोधून काढला, तक्रार केली. गिरणीचे दोन पॉइंट कापले. आता परवा गुरुवारी कमिटीपुढं माझी चौकशी.

गोजरबाई : अन् गिरनीतलं काम?

सहादेव : मी गिरणीत माग चालवतो का, आई? मला ठेवलंय ते खेळायला. हजेरीबुकात नाव आहे, सकाळी खात्यात जाऊन उभा राहतो, दुपारी मैदानावर. अजून कायम केलेलं नाही. बंदी आली की पहिल्या तारखेपासून येऊ नको, असं मॅनेजरनं तोंडावर सांगितलंय.

गनीभाई : या अल्ला.

सहादेव : म्हणून विचारतोय. अक्षर कुणाचं?

गनीभाई : अक्षराचं काय, बेटा. घाईत लिहिलं की सगळ्यांचं सारखंच दिसतं.

सहादेव : मग मीच सांगतो. हे नियाजचं काम आहे.

गोजरबाई : कोन? आपला नियाज? गोलात उभा राहतो तो?

सहादेव : फॉर्मांचा गठ्ठा दरवर्षी पुण्याला कोण घेऊन जातो? नियाज. मुंबईच्या ट्रायलला दोघं गेलो, मला घेतलं अन् त्याला परत पाठवलं. तेव्हापासून त्याच्या पोटात आहे ते. आज स्टँडवर दात काढत आला माझी ट्रंक उचलायला. मी हात लावू दिला नाही.

गोजरबाई : काय बोललास त्याला?

सहादेव : त्याला काही नाही बोललो. मॅनेजरला बोललोय. तोंडी नाव सांगितलंय, आता लेखी द्यायचं. हा कोरा कागद त्यासाठीच आणलाय. 'नियाज यानं द्वेषानं माझी खोटी सही करून फॉर्म पाठवला.' मॅनेजर म्हणतात, पोलिसात नेऊ. नेऊ देत.

गोजरबाई : आरं, लहानपनी त्याच्या ताटात जेवलास तू. त्याच्या आईनं, जरीनानं, तुला आंबील पाजली व्हती गोवर आला तवा.

सहादेव : जरीनाचाचींबद्दल मी काही म्हणत नाही.

गनीभाई : कागद खाली ठेव, सहादेव.

सहादेव : का?

गनीभाई : नियाजला स्वतःची सही धड येत नाही. त्यापेक्षा अंगठा बरा, अशी काढतो. तो तुझी काय काढणार?

सहादेव : मग?

गनीभाई : मी काढली.

गोजरबाई : गनीभाई...

गनीभाई : तुम्ही बोलू नका, गोजरबाई. मला बोलू द्या. सहादेव, हा फॉर्म मी भरलाय. अक्षर माझं, सही माझी. नियाजनं गठ्ठा नेला, पण आत काय आहे ते त्याला ठाऊक नाही. तो वाचत नाही, उजवीकडचा कोपरा जुळवतो अन् दोरा बांधतो.

सहादेव : तुम्ही?

गनीभाई : हो.

सहादेव : तुम्ही, गनीभाई?

गनीभाई : किती वेळा म्हणवून घेतोस?

सहादेव : अहो पण अक्षर तुमचं असेल, सही कशी तुमची? मुंबईच्या ऑफिसात दोन्ही फॉर्म शेजारी शेजारी ठेवले होते. क्लार्कनं भिंग लावून बघितलं. म्हणाला, सातपुते, उगाच नाटक करू नका, हीच तुमची सही. मी बघितली, तर माझीच! शेवटच्या अक्षराची ती शेपूट मागं वळवलेली, तिच्या आत टिंब. मलाच संशय आला की झोपेत केली काय मी.

गनीभाई : ती शेपूट कुणी शिकवली तुला?

सहादेव : तुम्हीच.

गनीभाई : तू बारा वर्षांचा होतास. शाळा सोडून गुरं राखत होतास, अन् किल्ल्याच्या मैदानावर येऊन आमच्या पोरांचे बॉल पळवत होतास. अनवाणी. मी म्हटलं, याला घ्या आत. फॉर्म आणला तर तुला सही येईना. माझ्या दुकानात फळीवर काळं कापड पसरलं, हातात खडू दिला, अन् मी काढायचो त्याच्यावरून तू गिरवायचास. महिनाभर. शेपूट मी तशीच काढतो, काजासारखी. शिंप्याचा हात आहे, दुसरी येत नाही. तुझी सही म्हणजे माझंच अक्षर आहे, बेटा. तुझ्या आधीपासून मी ती काढतोय.

गोजरबाई : खडूनं शर्ट पांढरा करून यायचास. मी मारलंबी व्हतं.

सहादेव : आई, तू गप्प बस जरा.

गोजरबाई : बसते.

सहादेव : म्हणजे आता मी कमिटीपुढं जाऊन ओरडलो, ही सही माझी नाही, तरी कुणी ऐकणार नाही.

गनीभाई : नाही ऐकणार.

सहादेव : फक्त तुम्ही लिहून दिलंत तरच.

गनीभाई : हो. तेवढंच.

सहादेव : पण का? दरवर्षी पोरांच्या सह्या तुम्हीच ठोकता, ते मला माहीत आहे. हमालीवर गेलेले असतात, विटांवर गेलेले असतात, कोण येणार सही करायला. जूनच्या पहिल्या रविवारी पहाटे फजरची नमाज पढून तुम्ही बसता, अन् सगळ्यात आधी नऊ नंबरचा भरता. कुणाची काही तक्रार नसते. पण मी तर गेलो होतो! मी तुम्हाला पत्र टाकलं होतं मेमध्ये, गिरणीचा फॉर्म भरला म्हणून. पोचलं होतं ना?

गनीभाई : पोचलं. दुकानात सगळ्यांना वाचून दाखवलं.

सहादेव : मग हात कसा चालला तुमचा?

गनीभाई : सवय समज.

सहादेव : सवय?

गनीभाई : नगरची यादी आजवर पुण्याच्या पुढं गेली नव्हती, बेटा. कपाटात पडायची, उंदीर खायचे. यंदा कुणा नव्या साहेबानं सगळ्या याद्या मुंबईला मागवल्या. मला काय ठाऊक? मला वाटलं, नाव असलेलं कुणाला दुखतंय. नगरच्या ट्रॉफीला दिवाळीत सुट्टी घेऊन आलास तर खेळशील आमच्याकडून एखादी मॅच.

सहादेव : तुमच्याकडून! एवढी वर्षं तुमच्याकडूनच खेळलो नाही का मी? अठराव्या वर्षी खडकीच्या कारखान्याच्या टीमनं उचललं. पायात पहिल्यांदा स्वतःचे बूट आले. दोन मोसम खेळलो, अन् वरच्या साहेबाची बदली झाली, नव्याला हॉकी आवडते म्हणून आमची टीम बंद. परत आलो. नागापूरच्या वर्कशॉपात लेथवर उभा राहिलो आठ-आठ तास, पायाची नडगी सुजायची, अन् रविवारी तुमचा नऊ नंबर घालून पळायचो. जिल्ह्याची ट्रॉफी आणली की नाही दोनदा?

गनीभाई : आणलीस. दुकानात आहे अजून. कपड्यांच्या खाली झाकली जाते, पण आहे.

सहादेव : तेव्हा कुठं मुंबईनं बघितलं. मला चोवीस पूर्ण झाली, गनीभाई. गुडघा सकाळी उठल्यावर वाजतो, कुणाला सांगत नाही. सेंटर फॉरवर्डची किती वर्षं असतात? तुम्हीच म्हणायचात, ज्वारीचा हुरडा असतो तेवढे दिवस. त्यातलं एक वर्ष तुम्ही सवयीनं खाल्लंत?

गनीभाई : एक वर्षच आहे, असं म्हणून बघ जरा. ऐक माझं. सही तुझीच म्हण. वर्षभर बंदी घे. इथं ये. नागापूरला नवीन कारखाने उभे राहतायत, तुला कुणीही घेईल. पुढच्या मोसमाला...

सहादेव : पुढच्या मोसमाला मुंबईत माझी आठवण कुणाला राहणार आहे? आत्ताच तीन जण रांगेत उभे आहेत.

गनीभाई : म्हणजे तू खोटं बोलणार नाहीस, म्हणतोस.

सहादेव : मला कुठलंच खोटं नको. मला एवढंच सांगा, तुम्ही हे विसरून केलंत की जाणूनबुजून? तुमचा रोजा आहे ना? खरं सांगा.

गनीभाई : रोजा आहे म्हणूनच म्हणतो, याच्यापुढं विचारू नको.

सहादेव : म्हणजे जाणूनबुजून.

गनीभाई : मी म्हटलं, विचारू नको.

गोजरबाई : मी सांगते.

गनीभाई : गोजरबाई, काही गरज नाही.

गोजरबाई : हाय गरज. माझाबी नेम हाय, गनीभाई. आखाडीपास्नं कार्तिकीपतूर खोटं बोलायचं न्हाई अन् खोटं ऐकून गप बसायचं न्हाई. पैला अर्धा जमतो, दुसराच अवघड जातो. सहादेवा, त्या मानसाकडनं माझ्यापायी झालं हे.

सहादेव : तुझ्यापायी? तुला फॉर्म म्हणजे काय ते तरी माहीत आहे का?

गोजरबाई : फारम मला ठाव न्हाई. वही ठाव हाय. मे म्हैन्यात चोळी शिवाया टाकाया गेल्ते मी दुकानात. ह्यांच्या म्होरं क्लबाची वही उघडी. पट्टी लावलेली, अन् हातात लाल पेन. मी इचारलं, काय करताय? तर म्हनले, सहादेव मुंबईचा झाला, आता त्याचं नाव खोडायचं.

सहादेव : बरोबर आहे. खोडायलाच पाहिजे होतं.

गोजरबाई : तुझा बाप गेला तवा चावडीवर रेशनकार्ड घेऊन गेल्ते. तिथल्या मानसानं अशीच पट्टी लावली अन् लाल शाईनं 'बन्सी' खोडलं. मी बघत उभी. दहनाला मी रडले न्हवते तेवढी तिथं रडले. आता त्या वहीत तुझं नाव, त्याच्या मदीबी बन्सी. सहादेव बन्सी. त्याच्यावर ती लाल पट्टी. मी हात ठेवला वहीवर. म्हनलं, गनीभाई, जित्या मानसाचं नाव खोडत न्हाईत.

सहादेव : आई!

गोजरबाई : म्हनलं, पोरगं लांब गेलंय, निदान कुटंतरी नाव ऱ्हाऊ द्या. माघारी यायला वाट ऱ्हाती. मला काय ठाव त्याचं असं व्हईल?

गनीभाई : झालं बोलून? आता ऐका. त्यांनी हात ठेवला, ते खरं. पण पेन दुपारपासून माझ्या हातात होतं अन् ते खाली जात नव्हतं, हेही खरं. त्यांनी अडवलं, तर मला बरंच वाटलं. वहीत नाव राहिलं. अन् वहीत नाव आहे तर फॉर्म भरायचा, ही माझी रीत. जूनमध्ये नऊ नंबरचा फॉर्म समोर आला तेव्हा नियम मला आठवत होता, सहादेव. साफ आठवत होता. तरी भरला. गोजरबाईंचं काम वहीपाशी संपलं. फॉर्म माझा.

सहादेव : नियम आठवत होता.

गनीभाई : हो.

सहादेव : अन् भरलात.

गनीभाई : हो. आता रोजा माझा शाबूत राहिला, पण तोंड कोरडं पडलं.

सहादेव : मुंबईला मला वाटायचं, माझं वाईट चिंतणारा कुणीतरी नगरात बसलाय. रात्र रात्र त्याला शिव्या दिल्या मी. अन् बसलेले कोण, तर तुम्ही दोघं.

गोजरबाई : मग आमाला दे की त्या शिव्या. पोराला कशाला?

सहादेव : देता येत नाहीत, तीच पंचाईत आहे. आता मी काय करू, आई? तूच सांग.

गोजरबाई : ह्यांनी लिवून दिलं तर ह्यांचं काय व्हईल?

सहादेव : खोटी सही केली म्हणून कायमचे बाहेर. कुठल्याच क्लबाचे सेक्रेटरी होता येणार नाही, मैदानाच्या आत खुर्ची टाकून बसतासुद्धा येणार नाही. अन् युनियन क्लब दोन वर्षं बंद.

गोजरबाई : म्हंजी नियाज अन् ती सगळी पोरं बी?

सहादेव : सगळी.

गोजरबाई : अन् न्हाई लिवलं तर तू घरी.

सहादेव : मी घरी. तू खडीवर जातेस, मीही जाईन. दुष्काळी कामावर सेंटर फॉरवर्डचीही भरती आहे म्हणे.

गोजरबाई : चेष्टा करू नगं. हाताला घट्टे पडलेत माझ्या.

सहादेव : मग सांग ना. नियाजचं नाव लिहू? की सही माझीच म्हणून लिहू? की यांना लिहायला लावू?

गोजरबाई : नियाजचं लिव्हायचं न्हाई. तुझं लिव्हायचं न्हाई. खोटं हाय ते. एवढं मला कळतं. ह्यांनी लिव्हावं, असं माझ्या तोंडानं मी म्हननार न्हाई. कसं म्हनू? त्याच्यापुढं मला काय उमगत न्हाई, बाळा.

गनीभाई : कागद दे इकडं.

सहादेव : थांबा.

गनीभाई : कशासाठी? थांबा म्हणालास, नको नाही म्हणालास, म्हणजे हो म्हणालास. तुझ्या तोंडून मला ऐकायचं पण नाही. दे. पेन माझ्याजवळ आहे. लालच आहे, चालेल का?

सहादेव : निळं आहे माझ्याकडं.

गनीभाई : आण. कुणाच्या नावानं लिहायचं?

सहादेव : माननीय अध्यक्ष, शिस्त समिती.

गनीभाई : 'माननीय अध्यक्ष, शिस्त समिती, यांस. मी, गनी इस्माईल दर्जी, युनियन क्लबाचा सेक्रेटरी, वय सत्तावन्न...' वय लिहू का?

सहादेव : नका लिहू.

गनीभाई : लिहिलं. राहू दे. म्हातारा आहे बघून कदाचित कमी ओरडतील. '...लिहून देतो की, सहादेव सातपुते याचा चार जूनचा फॉर्म मी भरला. त्याला न विचारता भरला. त्यावरची सही मी केली. तो त्या दिवशी मुंबईस होता. त्यास यातले काहीही ठाऊक नव्हते.' आणखी?

सहादेव : बस.

गनीभाई : बस कसं? क्लार्क भिंग लावेल अन् म्हणेल, म्हाताऱ्याला याची सही येते कशावरून? खाली काढून दाखवतो. ही बघ. एक. दोन. तीन. घे, तिन्ही तुझ्यासारख्या. तूसुद्धा एवढ्या सारख्या काढणार नाहीस.

गोजरबाई : अन् तुमची?

गनीभाई : माझी खाली. एक मिनिट. पंधरा वर्षं पोरांच्या सह्या केल्या, माझी स्वतःची करायची वेळ कधी आलीच नाही. बँकेत खातं नाही, कोर्टात केस नाही. झाली. वाकडी आली. चालेल ना रे?

सहादेव : चालेल.

गनीभाई : आता हा दुमडू नको. वहीत घालून ने, सरळ राहील.

सहादेव : गनीभाई, मी दिला नाही तर?

गनीभाई : काय बात करतोस! देणार नव्हतास तर माझा रोजा कशाला कोरडा केलास? दे. गुरुवारी सकाळी आधी दे, मग बोलणी. क्लबाचं मी बघतो. पोरांना दोन वर्षं पोलिस लाइनीतली पोरं खेळायला बोलावतील, साधे सामने. बिनफॉर्मचा बॉल पण गोलच असतो.

गोजरबाई : रोजा सोडायचा भोंगा झाला वाटतं, गनीभाई.

गनीभाई : झाला? नाही ऐकू आला.

गोजरबाई : झाला. घ्या, पानी घ्या. टँकरचं हाय, जरा मचूळ लागंल. खजूर न्हाई, गूळ हाय.

गनीभाई : गूळ चांगला. बिस्मिल्ला. तुम्ही काही खाल्लं का सकाळपासून?

गोजरबाई : माझं एकच जेवान, दिवा लावल्यावर.

गनीभाई : म्हणजे दोघंही उपाशी भांडत होतो, अन् जेवलेला हा एकटा.

सहादेव : मीही नाही जेवलो.

गोजरबाई : अगं बाई! सकाळपास्नं? मग तोंड का शिवलं व्हतं तुझं? बस, भाकर टाकते. तुमीबी बसा, गनीभाई, भाकर खाऊनच जायचं. अन् सहादेवा, आधी एक ऐक. उद्या सकाळी एसटीला जायच्या आधी नियाजच्या घरी जायचं.

सहादेव : काय सांगू त्याला?

गोजरबाई : ज्या तोंडानं मॅनेजरला नाव सांगितलंस, त्याच तोंडानं त्याला सांग. अन् मुंबईला पोचल्यावर मॅनेजरलाबी सांग, चुकलं म्हनून. आधी ते, मग कागद.

सहादेव : तो मारेल मला.

गोजरबाई : मारू दे. एक लावली तर दुसरी बी खा.

गनीभाई : नाही मारणार. त्याचे हात बॉल धरायला आहेत. बॉलही धरत नाही म्हणा तो धड.

सहादेव : गनीभाई, तुम्ही रागावलात का?

गनीभाई : कुणावर?

सहादेव : माझ्यावर. हा कागद मी ठेवून घेतला म्हणून.

गनीभाई : अजून नाही. घरी पोचलो की कदाचित रागावेन. फॉर्मांची पेटी दिसेल तेव्हा. आत्ता पोटात गूळ आहे. बरं, एक सांग. यंदा किती झाले?

सहादेव : काय?

गनीभाई : गोल, बेटा. तू पत्रात लिहायचास, चांगलं चाललंय, चांगलं चाललंय. आकडा कधी लिहिला नाहीस. दुकानात सगळे विचारतात, अन् मी आपला सांगतो, आठ-नऊ असतील.

सहादेव : तुम्ही सांगितलं आठ-नऊ?

गनीभाई : रमजानच्या आधी. तेव्हा चालतं.

सहादेव : नऊ नंबर मला मिळालाच नाही तिथं. तो गोव्याचा एक आहे, त्याचा आहे. मी बाकावर असतो. शेवटची दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, कधी तीही नाही. ज्या मॅचबद्दल तक्रार झाली, त्यातही दहाच मिनिटं खेळलो होतो.

गोजरबाई : बाकावर म्हंजी? बसून?

सहादेव : बसून, आई. अंगावर टॉवेल घेऊन.

गनीभाई : किती झाले ते सांग.

सहादेव : एक.

गनीभाई : एक.

सहादेव : हो. सबंध मोसमात एक. एवढ्यासाठी तुमचा कागद घेऊन चाललोय मी. आता वाटलं तर फाडून टाका.

गनीभाई : सही करायला एवढे कष्ट पडले, अन् फाडू? कसा मारलास तो?

सहादेव : सांगण्यासारखा नाही.

गनीभाई : मी विचारतोय.

सहादेव : पाऊस होता. चिखल. दुसऱ्या कुणाचा तरी शॉट होता, गोलकीपरच्या हातून निसटला. मी पुढं होतो. पायाला लागला अन् गेला आत. मी काहीच केलं नाही, गनीभाई. मी नुसता तिथं उभा होतो.

गनीभाई : नऊ नंबरनं तिथंच उभं राहायचं असतं, बेटा.